छोटीचं माप

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सात वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय. तू आणि वहिनी बरे असाल. इकडे गार वारा सुटलाय, माझा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. बाबांबद्दल शेवटी लिहिते.

सध्या दुकान आवरतेय. मशीनमागच्या ट्रंकेत पणजोबांची मापवही सापडली. आपल्या घराण्यात राजे-सरदार कुणी झाले नाहीत, चार पिढ्या नुसती काजं आणि बटणं. तरी मी ती हट्टाने वाचत बसले. 'मास्तर, डावा खांदा अर्धा इंच खाली.' 'बेकरीवाला, पोट साडेबेचाळीस, त्याच्यासमोर मोठ्याने वाचू नये.' पणजोबा मिश्कील होते रे! आपल्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि दरवर्षी जूनमध्ये एक नोंद: 'छोटी.' उंची, छाती, बाही. अशी बारा-तेरा वर्षं. पणजोबांना तर तिन्ही मुलगेच, मग ही कोण? शिवाय तिची सगळी मापं पूर्ण इंचांत, उंची दरवर्षी बरोब्बर दोन इंच वाढलेली. शिंप्याच्या पोरीला एवढं कळतं की कुठलंच मूल असं वाढत नाही. ते माप टेपने घेतलेलं नव्हतं, अंदाजाने लिहिलेलं होतं.

वहीत पार्सलची एक पावती होती, त्यावर एका अनाथाश्रमाचा पत्ता. मी गेले तिथे. कारकूनबाईंनी कुरकुर न करता जुनं रजिस्टर काढून दिलं. पणजी बाळंतपणात गेली तेव्हा मुलगी झाली होती. तीन पोरं आणि दुकान सांभाळून तान्हं बाळ जगवणं पणजोबांना जमेना, म्हणून तिला तिथे ठेवलं. भेटायला मनाई होती. कपडे मात्र पाठवता येत.

छोटी दीड वर्षाची असताना तापाने गेली. त्यानंतर दरवर्षी एकच ओळ: 'फ्रॉक आला. दुसऱ्या मुलीस दिला.'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, त्या माणसाला कुणी कळवलं कसं नाही?"

त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "पहिल्या वर्षी कुणाची जीभ रेटली नसेल. मग दुसऱ्या वर्षी काय सांगायचं, की वर्षभर गप्प बसलो होतो?"

दादा, मी रजिस्टर मिटलं आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

आता लिहिते. तू भांडून गेलास तेव्हा बाबा जेवेनात. म्हणून मी थाप मारली, दादाचं पत्र आलंय, मजेत आहे. ते म्हणाले, "माप विचार गं त्याला. शर्ट शिवतो." आठवड्याने मी छाती अडतीस सांगितली. पुढच्या वर्षी एकोणचाळीस. "सुटलाय वाटतं गाढव," असं म्हणून हसले आणि त्या दिवशी पोटभर जेवले. दरवर्षी शर्ट शिवायचे. मी तो पोस्टात टाकला म्हणून सांगायचे आणि माझ्या कपाटात ठेवायचे.

दोन वर्षांपूर्वी तुझं खरंच कार्ड आलं, पत्त्यासकट. 'बाबा बोलतील का माझ्याशी? हो म्हणाले तर लगेच निघतो,' असं तू लिहिलं होतंस. ते दाखवलं असतं तर माझं सगळं उघडं पडलं असतं. मी ते लपवलं. तुझ्यावर रागही होता, सगळं माझ्या गळ्यात टाकून गेलास म्हणून. पण रागापेक्षा भीतीच जास्त होती. बाबा रोज विचारायचे, "येतो म्हणतोय का?" आणि मी म्हणायचे, "सुट्टी मिळत नाही त्याला."

बाबा गेले, दादा. तेवीस ऑक्टोबरला सकाळी, दुकानातच, टेप गळ्यात. मशीनवर तुझाच शर्ट होता. बोलले असते रे ते तुझ्याशी. वाटच बघत होते.

तू ये किंवा येऊ नकोस, मला काही म्हणायचा हक्क राहिलेला नाही. सातही शर्ट पाठवतेय. सातव्याला एक बाही नाही. ती मी लावली नाही, तो तसाच राहू दे.

अंगाला बसणार नाहीत. त्यासाठी बाबांच्या हाताला नावं ठेवू नकोस. मापं माझी होती.

तुझी,
ठमी