माणूस वाट बघतो

सोमवार
त्या सकाळी मी कपडे वाळत घातले, कढईच्या बुडाचा करपलेला थर घासून काढला, कुंड्यांना पाणी घातलं आणि दूध आणायला खाली उतरले. परत आले तेव्हा हे खुर्चीतच गेलेले होते, अंगठा फोनवर टेकलेला. पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा'. त्याला दीड वर्ष झालं.

आजही तीच कामं उरकली, पण नंतर डबा घेऊन नव्या नोकरीवर गेले. ह्यांची संगणकाची पुस्तकं एकटीने वाचून काढली, त्याचं चीज झालं. खिडकीजवळची जागा मिळाली. काम असं: फोनवरचं लाल बटण दाबलं की ॲम्ब्युलन्स येते. काही नतद्रष्ट लोक हजारो यंत्रांकडून तेच बटण एकदम दाबून घेतात, मग खऱ्या आजाऱ्याला आत शिरायला जागाच उरत नाही. आम्ही दारावरचे राखणदार. आमच्या साहेबांना सगळे मुकादम म्हणतात, अगदी तोंडावर. शेजारची चष्मेवाली पहिल्याच दिवशी माझ्या डब्यात हात घालून मोकळी झाली. बऱ्याच दिवसांनी हसले.

गुरुवार
खोटा कसा ओळखायचा ते मुकादमांनी शिकवलं. लागोपाठ दाबत सुटला की ते यंत्र. तो नंबर कायमचा बंद. मी विचारलं, घाबरलेला माणूसही दाबत सुटेल की. ते हसले.

"मावशी, माणूस वाट बघतो."

घरी येऊन भांडी आदळली. छातीत कळ आलेल्याने वाट बघायची? आणि कुणाची, या राखणदारांची?

शुक्रवार
बंद केलेल्यांत ह्यांचा नंबर सापडला. तारीख तीच. माझ्या माणसाला यंत्र ठरवून दार लावून घेतलं यांनी.

आणि तो नंबर आजही बटण दाबतोय. बाहेर उभा राहून, सारखा. फोन माझ्या कपाटात आहे, आतलं कार्ड काढलेला.

मंगळवार
चष्मेवालीला दाखवलं. हल्ल्यातल्या आणखी काही नंबरांचे पत्ते काढून तिने त्यांच्या घरच्यांना विचारलं. सगळीकडे एकच उत्तर: गेले हो ते, गाडी आलीच नाही. म्हणजे हे हल्लेखोर बाहेरचे कुणी नाहीतच. आम्ही हाकललेलेच परत येताहेत. मुकादमांना सांगितलं तर म्हणाले, तुमच्या डोक्यात भुतं शिरली आहेत. वर नियम आणखी कडक केला. म्हणजे उद्या आणखी लोक बाहेर. परवा आणखी.

बुधवार
दुप्पट आले आज. चष्मेवाली म्हणते, यांना दार उघडलं तर जिवंत माणसांना जागा उरणार नाही. ठाऊक आहे. मला सगळं ठाऊक— पण ह्यांना दारात उभं ठेवून मी घास कसा गिळू? डबा तसाच परत आणला.

गुरुवार
दुपारी मी नियम काढून टाकला. सगळे आत. गाड्या निघाल्या. आमच्या घरी गेलेल्या ड्रायव्हरने कळवलं, बाहेरून कुलूप आहे, पण आतून कुणीतरी दार वाजवतंय— मग वाजवणं थांबलं. ह्यांचं दाबणंही थांबलं. हे सुटले.

तेवढ्यात मुकादम— छातीवर हात, खुर्चीतच. चष्मेवाली गाडी शोधायला खाली धावली. त्यांनी फोन काढला. दाबलं. कृपया प्रतीक्षा करा. पुन्हा दाबलं. पुन्हा— माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "वाट बघा."

गाडी मिळेपर्यंत गेले होते.

शुक्रवार
कपडे वाळत घातले. कुंड्यांना पाणी. कामावर आले.

नियम वरच्या साहेबांनी परत लावलाय. दार सध्या माझ्या ताब्यात. बाकीचे कालच सुटले. बाहेर एकच नंबर— मुकादमांचा. दाबतोय. थांबतच नाही—

आत घ्यायला एक बटण पुरे. मी डबा उघडला आणि पहिला घास गिळला.