भिंतीचा ठोका

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले! लॉवेलमधली नदीकाठची जुनी कापडगिरणी, तीच आता आमची प्रयोगशाळा. वरच्या मजल्यावर सगळ्यांना फुकट खोल्या, मलाही मिळाली. डोळ्यांना न दिसणारी हालचाल व्हिडिओतून शंभरपट वाढवून दाखवायची, हे काम. नव्या माणसाचा चेहरा आधी पडद्यावर बघायची इथली रीत. म्हातारा मालक आर्मांड म्हणाला, ये पोरी, बघू तुझ्या चेहऱ्यात रक्त आहे का! पडद्यावर माझे गाल लालभडक, मग पांढरेफटक, नाडीच्या प्रत्येक ठोक्याला, मिनिटाला ७६ वेळा. शेजारच्या टेबलावरची कॅथलीन म्हणाली की इथे कुणालाच एवढी घाई नसते. आईने घरून, फॉल रिव्हर गावाहून, दिलेला गोड पाव सगळ्यांनी फस्त केला.

१० फेब्रुवारी
कॅमेरा जरासा हलतोच, म्हणून एखादी वस्तू स्थिर धरून तिच्या तुलनेत बाकीचं मोजतात. इथे सगळे विटांची भिंत धरतात. मी आज लोखंडी खांब धरला, तर भिंतच हलताना दिसली. आत-बाहेर, मिनिटाला ५२ वेळा. आर्मांड म्हणाला, नदी आहे बाई शेजारी, कामाला लाग.

१४ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचं गुपचूप चित्रण केलं. नऊच्या नऊ जण ५२. भिंत बाहेर आली की सगळे एकदम लाल. सरळ लिहिते, मला भीती वाटतेय. माझे ६३.

१७ फेब्रुवारी
राजीनामा दिला. २१ला निघायचं, आईलाही कळवलं. आर्मांड म्हणाला, जा की, तुला धरलंय कुणी? कॅथलीन मात्र रडायला लागली. तीही एकदा निघाली होती म्हणे, फाटकापर्यंत.
आज ५५.

२१ फेब्रुवारी
५२. बॅग घेऊन निघाले. दाराबाहेर पाच पावलं — छातीत ठोकाच नाही. आर्मांडने आत ओढलं. पाठ भिंतीला टेकली तेव्हा कुठे —

२३ फेब्रुवारी
घरी पोचले नाही म्हणून आई आलीय. सगळं सांगितलं. म्हणाली, तुला घेतल्याशिवाय मी हलायची नाही. कोट काढून बसलीसुद्धा. तिचे ८०.

२५ फेब्रुवारी
आई ६८. हात जोडले, भांडले. ऐकत नाही —

२६ फेब्रुवारी
५९. ५२ व्हायच्या आत ती बाहेर पडायला हवी, पण मी आत आहे तोवर ती जाणार नाही. मी बाहेर पडले तर, मला उचलायला का होईना —
वही हातात. दार उघडलं. दोन पावलं. तीन. आई मागून इनेस, इनेस म्हणून मला हाका मारतेय. धावत येतेय. ये आई, मागे वळू नको, ये —