करंजीच्या कडेची विमानं

तीर्थरूप बाबा,

फोनवर तुम्ही सगळ्यालाच "बरं, बरं" म्हणता, म्हणून लिहिते आहे. मी मजेत आहे. जेवण अगदी वेळेवर होतं.

आईचं करंज्यांचं कातणं हरवलेलं नाही, माझ्याकडे आहे. दिवाळीत कडा कापायचं काम तुमचं, म्हणून तुम्हालाच सांगते. त्याने मी विमानाच्या जाड कागदी पंखाला दातेरी कड कापली आणि कॉलेजात सरांना दाखवली. घुबडाच्या पिसांना अशीच कड असते, म्हणून ते आवाज न करता उडतं. सरळ कडेवरून वारा एकदम सुटतो आणि गरजतो. दातेरी कडेवरून तो मागेपुढे सुटतो, मग त्यातले आवाज एकमेकांना मिटवतात. दात किती खोल हवेत, ते मी गणिताने शोधते. उत्तर अजून जुळत नाही, पण जुळेल.

इथे दिल्लीच्या द्वारकेत विमानं अगदी गच्चीवरून उतरतात. घरमालकीण आंटी बोलता बोलता थांबतात आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू करतात. संध्याकाळी मी गच्चीत डोळे मिटून बसते आणि करंजीच्या कडेची विमानं पिसासारखी उतरताना बघते.

काल मात्र मिटल्या डोळ्यांना तुम्ही दिसलात. मे महिन्यात मी सांगलीला आले, फाटकाची कडी वाजवली, हाक मारली. खांद्यावर हात ठेवला तेव्हा तुम्ही दचकलात आणि हसून म्हणालात, "तुझ्या घुबडासारखी आलीस की."

बाबा, मी चपला वाजवत आले होते. कानाचं यंत्र ड्रॉवरमधून काढाल ना?

तुमची,
लतिका