रिकामी आहे, असं सांगितलेली बंदूक

३ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

...हे गेले त्या सकाळी मी दूध तापवलं, चादरी भिजवल्या, जिना झाडला. तेवढ्यात तुम्ही गोदामावरची पाळी संपवून आलात. दोघा भावांत पहाऱ्याची बंदूक एकच. ती ह्यांच्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, रिकामी आहे. हे तेलाचं फडकं घेऊन बसले. तुमच्या घरात वडीलधाऱ्यानं सांगितलेलं पुन्हा तपासणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. ह्यांनी तपासलं नाही.

हे आज लिहायचं कारण, नवा कायदा येतोय. बंदूक घेणाऱ्यानं ती देणाऱ्यासमोर उघडून बघायची, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची. वीस तारखेच्या सुनावणीला मला बोलावलंय. तुम्हाला न विचारता कशी जाऊ?

गुडघ्यांना तेल लावता, की नुसतंच जाऊबाईंना दमवता?

लोभ आहे तसाच राहू द्यावा.
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे आहेत तसेच आहेत. तुझी जाऊ म्हणते, जिभेलाच तेल कमी लावा.

वाचनालयातली पुस्तकं वाचून तू शहाणी झालीस, पण चोर कधी परवाना काढतो का? कायद्यानं माणसं मरायची थांबत नाहीत. तू बोललीस की माझं नाव निघणार. बारा वर्षं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता नातवंडांसमोर मान खाली घालायला लावू नकोस. जाऊ नकोस.

माया आहेच, ती तू सांभाळ.
तुझा भाऊजी

२१ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र परवा मिळालं. वाचनालयात बसून मी आकडे पाहिले. कायदा कडक झाल्यावर बऱ्याच ठिकाणी बंदुकीनं मरणारे कमी झाले. काही ठिकाणी फारसा फरक पडला नाही, आणि काही अभ्यासक म्हणतात, आकडे आधीपासूनच उतरत होते. मला त्यातलं सगळं कळलं असं नाही. चोराचं तुम्ही म्हणता ते खरंही असेल. पण आपल्या घरात चोर आला नव्हता, भाऊजी.

मी तुम्हाला कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. पण लोक अजून ह्यांनाच निष्काळजी म्हणतात, आणि ते ऐकून मी थकले आहे. माझ्यावरची माया कमी झाली तरी माझी तक्रार नाही. माझ्याकडून ती कमी होणार नाही.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुनावणीला गेले आणि घडलं ते तुमच्या नावासकट सांगितलं.

धाकटी