निम्म्याहून जास्त शिल्लक

४ मार्च
दुपारी पुन्हा लाइट गेली. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन बंद, आणि मी ऑफिसात! शेजारच्या काकूंनी धावत येऊन सिलिंडर लावला म्हणून निभावलं. डॉक्टरांनी बजावलंय – नाकातली नळी दिवसाही काढायची नाही. हे असं रोज कसं चालायचं?

६ मार्च
मामाच्या गॅरेजात भंगारात निघालेल्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी पडून आहे. म्हणाला, "गाडी ओढायला थकली गं ही. पण तुझ्या बापाचं मशीन सहज चालवेल." आंधळा मागतो एक डोळा!

१५ मार्च
बॅटरी उघडली तर आत विटांसारखे डबे. एकेक डबा पूर्ण भरायचा, मग त्यावर दिवा लावून बघायचं – कोण लवकर मान टाकतो. तो बाद. रविवार सगळा यातच गेला. मी कंटाळून म्हटलं, एखादा कमजोर असला तर काय बिघडलं? मामा खेकसला, "एक ढेपाळला की बाकीच्यांनाही घेऊन बसतो!"
"म्हणजे माझ्यासारखा," बाबा खुर्चीतून म्हणाले. मामा हसला. मला अजिबात आवडलं नाही.

२२ मार्च
जोडली! भिंतीशी पेटी, शेजारी इन्व्हर्टर, वर किती वीज उरली ते दाखवणारा आकडा. मुद्दाम मेन स्विच पाडला – मशीन चालूच! बाबांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क रडले.

२७ मार्च
दुपारभर लाइट नव्हती म्हणे. आल्याआल्या, चप्पलही न काढता आकडा पाहिला – निम्म्याहून जास्त शिल्लक! मामाला फोन केला. तो बुचकळ्यात. "जुनी बॅटरी, आणि एवढी टिकते?" म्हटलं, भाचीचा हात लागलाय! ऑफिसात तर सांगून सांगून सगळ्यांचे कान किटवले.

३० मार्च
बाबांना धाप जास्त लागतेय. डॉक्टर म्हणाले, औषध बदलून बघू. बॅटरी मात्र झकास.

२ एप्रिल
आज लवकर घरी आले. लाइट गेलेली. मशीनचा आवाज नाही! बाबा उशीला टेकलेले, नळी गळ्यात, ओठ निळसर. धावत जाऊन बटण दाबलं – मशीन लगेच सुरू. बॅटरी ठणठणीत. बटण बाबांनीच बंद केलं होतं. लाइट गेली की रोजच बंद करतो, म्हणाले.
"का पण, बाबा?"
बराच वेळ दम खाल्ला त्यांनी. मग म्हणाले, "तू आल्याआल्या आकडा बघतेस. केवढी खूश होतेस!"