स्टोव्हची पिन

दसरा, १९८८. हेंद्रेपाडा, बदलापूर

बोटांना अजून पेट्रोलचा वास येतोय. साबण दोनदा लावून झाला.

सकाळी पूजेसाठी मोटरसायकल धुतली आणि ती चालूच होईना. हे किक मारून दमले, चिडून आंघोळीला गेले. तेवढ्यात मी कार्बोरेटर खोलला. त्यातला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा जेट कचऱ्याने बंद. पेट्रोलने धुतला, फुंकला, जुन्या टूथब्रशचा एक केस त्याच्या भोकातून ओवून काढला. माहेरी, कॅम्प चारला, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या गॅरेजात लहानपणी मी हेच तर करायचे. गाडी लगेच चालू झाली. हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. आधी काय बघितलं, तर शेजारच्यांनी मला पाहिलं का ते.

संध्याकाळी ह्यांच्या कंपनीतले म्हात्रे भावजी सोनं द्यायला आले. त्यांचीही गाडी सारखी बंद पडते. हे लगेच, "मी सकाळीच कार्बोरेटर खोलला. स्टोव्हची पिन जेटमध्ये घातली, काम खलास."

मी समोर चहा घेऊन उभी. इतकं सहज कसं बोलवतं? आणि म्हणे पिन! पिनने भोक मोठं होतं, मग गाडी पेट्रोल पिते आणि काळा धूर ओकते. अण्णा जेटजवळ पिन येऊच द्यायचे नाहीत.

"रविवारी या, तुमची पण करून देतो," हे म्हणाले. "हिला यातलं काही कळत नाही, पण पिन कुठे आहे ते हिलाच माहीत."

भावजी हसले. ते नसते हसले तर कदाचित मी बोलले असते.

पिन स्टोव्हमागच्या खिळ्याला आहे. रविवारी मागतील तेव्हा पुसून हातात देईन.