विहिरीजवळचा स्टे

११ नोव्हेंबर
मशीन आलं! जांभा दगडाचे चिरे कापायचं. आमच्या विहिरीच्या काठाला लागून उभं केलंन अनिलने. सख्खा दीर माझा. जागा त्याची, कबूल — पण खालचा कातळ एकच ना! तो कापत खाली गेला की आमचं पाणी त्याच्या खाणीत. दुसरं पाणी नाही आम्हाला. म्हटलं, भावजी, उन्हाळ्यात प्यायचं काय? "वैनी, टँकर मागवा." वर हसला मेला.

१२ नोव्हेंबर
नीरजा वकीलबाईंकडे गेले. मनाई हुकूम मागायचा. म्हणाल्या, "काकू, कोर्ट तीन गोष्टी बघतं. तुमच्या म्हणण्यात दम दिसतो का. थांबवलं नाही तर जास्त हाल कोणाचे. आणि नुकसान नंतर पैशांनी भरून निघेल का." म्हटलं, आटलेली विहीर पैशांनी भरून दाखवा! "हेच लिहिते," म्हणाल्या. आणि लगेच आलात ते बरं, उशीर केला की कोर्ट विचारतं इतके दिवस गप्प का.

१४ नोव्हेंबर
अनिलने आधीच कॅव्हेट टाकून ठेवलंन. म्हणजे त्याचं ऐकल्याशिवाय हुकूम नाही. दिवाळीला माझ्या हातच्या करंज्या खाताना ह्याच्या मनात हे होतं! झोप नाही.

१९ नोव्हेंबर
मिळाला स्टे! त्याची जागा विहिरीपासून नेमकी कुठे सुरू होते ह्यावर दोन्ही वकील भांडले, म्हणून हद्दीची मोजणी होईपर्यंत "जैसे थे". अनिलचा वकील म्हणे, मशीनचं भाडं चढतंय, हाल आमचेच. जज्जसाहेब म्हणाले, भाडं नंतर भरून देता येईल, पाणी येणार नाही.
मशीन गप्प. पण अनिल कोर्टाच्या पायरीवर नुसता बघत होता. शिव्या घातल्या असत्यान तर बरं.

२४ नोव्हेंबर
गडगा घातला. पावसात ढासळतो दरवर्षी. भात कापून झालं की गुरं मोकाट, विहिरीवर येऊन घाण करतात. म्हणून दिवाळी झाली की हद्दीवर पुन्हा दगड रचायचे, सासूबाईंपासून चालत आलंय. हे म्हणाले, "वकीलबाईंना विचार एकदा." गडग्याला कसला वकील! अनिल पलीकडून मोबाईलवर फोटो काढत होता. काढ म्हटलं!

२६ नोव्हेंबर
वकीलबाईंचा फोन. ओरडल्याच. "काकू, काय केलंत! जैसे थे म्हणजे तुम्हीसुद्धा काही बदलायचं नाही!" अनिलने अर्ज टाकलान — हद्दीचा वाद चालू असताना हिने हद्द बांधली, हुकूम मोडला. स्टे उठवा, हिला आत टाका. म्हटलं, आत्ता पाडते गडगा. "आता एका दगडाला हात लावू नका, पुरावा मिटवला म्हणतील!"


३ डिसेंबर
साहेबांनी मलाच विचारलं, "हुकूम तुम्ही मागितलात. मग तुम्हीच का पाळला नाहीत?" गुरांचं सांगितलं, पटलं नाही त्यांना. आत नाही टाकलं. दम दिला. पण स्टे उठला!
वकीलबाई म्हणतात वरच्या कोर्टात अपील करू. करा. तोवर मशीन थांबणार आहे का?

४ डिसेंबर
मशीन सुरू झालं. विहिरीच्या काठावर पायाखाली थरथरतं. सकाळपासून पाणी शेंदतेय. हंडे, टोप, बादल्या, लग्नातली कधी न काढलेली पातेली — सगळं भरलं. भांडी संपली. विहिरीत पाणी अजून आहे.